विश्लेषण : रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याचा सांधा बिघडलाय… रिसोडहून तज्ज्ञापर्यंत पोहोचायचे कसे, आणि कधी?

सोयाबीनच्या हंगामात रिसोडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांची वर्दळ वाढते. उभ्या गाडीखाली सावलीला झोपलेले एखादे कुत्रे गाडी सुरू होताच सापडते आणि मागचा पाय उचलून ओरडत बाहेर येते. बहुतेक कुत्री तशीच लंगडत राहतात. एखाद्याला कुणी घरी आणते, हळद लावते, दूध-पोळी घालते, ‘बसेल पाय आपोआप’ म्हणून वाट पाहते. आठवडा-पंधरवड्याने पाय बसत नाही असे दिसले की प्रश्न येतो, आता दाखवायचे कुणाला? अडचण ही, की सांध्याच्या काही दुखण्यांत हा प्रश्न पडेपर्यंत सोपा उपाय हातचा गेलेला असतो.

टाटांच्या कुत्र्यालाही उशीर का झाला?

तज्ज्ञ उपचाराची अडचण तालुक्याच्या गावापुरती नाही. रतन टाटा यांनी २०२४मध्ये एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. आपल्या एका कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्यांना त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते. तिथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही. तो एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला. या शस्त्रक्रियेने दुखणे थांबते, पण सांधा पुन्हा वाकत नाही.

पैशाची ददात नसलेल्या, भटक्या कुत्र्यांविषयी जाहीर जिव्हाळा असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. गोव्यात सापडलेले आणि ‘गोवा’ हेच नाव मिळालेले कुत्रे त्यांच्या ‘बॉम्बे हाऊस’मध्ये वावरत होते. २०१८मध्ये या इमारतीचे नूतनीकरण झाले तेव्हा भटक्या कुत्र्यांसाठी तिथे खास खोली ठेवण्यात आली. तरीही सांध्याच्या बाबतीत वेळ हुकली. मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सने सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभारलेले लहान प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४मध्ये सुरू झाले, त्यामागे हा अनुभवही होता. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला टाटा यांचे निधन झाले.

रिसोडच्या दृष्टीने त्या मुलाखतीतला महत्त्वाचा भाग परदेशवारीचा नाही, उशिराचा आहे. कारण रिसोडकरांच्या हातात वेळ तरी असते. गाडीच्या धक्क्याने खुब्याचा गोळा खोबणीतून निसटला असेल, तर पहिल्या चार-पाच दिवसांत भूल देऊन, न कापता तो जागेवर बसवता येण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर भोवतीचे स्नायू आखडतात, रिकाम्या खोबणीत तंतुमय ऊती भरते, गोळ्यावरची कूर्चा झिजू लागते. मग शस्त्रक्रियेशिवाय फारसा मार्ग उरत नाही. हळद लावून वाट पाहण्याचा आठवडा तो हाच.

लंगडणे म्हणजे सांधाच बिघडला का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. मागचे पाय लटपटणाऱ्या कुत्र्याचा सांधा ठणठणीत असू शकतो. दोष पाठीच्या कण्यात किंवा नसांमध्ये असतो. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या पिल्लांचे पाय झटके देत राहतात. मुख्य म्हणजे रेबीजचा एक प्रकार पिसाळण्याचा नसून लुळेपणाचा असतो. अनोळखी कुत्रे अचानक लुळे पडले, लाळ गाळू लागले, गिळता येईनासे झाले, तर ‘घशात काही अडकलेय का’ म्हणून तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. अशा कुत्र्याला हात न लावता वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे.

सांध्याच्या दुखण्याची लक्षणे वेगळी असतात. कुत्रे झोपून उठताना ताठरते आणि चार पावले चालल्यावर मोकळे होते. पळताना ससा उड्या मारतो तसे दोन्ही मागचे पाय एकत्र टाकते. एका कुल्ल्यावर कलून बसते. एका मांडीचा स्नायू दुसरीपेक्षा बारीक होत जातो. गुडघ्याचा आतला स्नायुबंध तुटला असेल, तर उभे असताना त्या पायाची फक्त बोटे जमिनीला टेकतात. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते. ते चार पावले तीन पायांवर उडते आणि पुन्हा काहीच झाले नसल्यासारखे पळते.

आणखी एक प्रकार विदर्भ-मराठवाड्यात विसरून चालत नाही, तो म्हणजे गोचीडताप. गोचिडीतून शरीरात शिरणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंमुळे ताप येतो, अन्नावरची वासना जाते, सांधे सुजतात. आज एक पाय दुखतो, परवा दुसरा. मालक अपघात धरून बसतो. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसतात आणि डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त प्रतिजैविक, साधारण चार आठवडे नियमाने दिले तर बहुतेक कुत्री सावरतात. अशा कुत्र्याला शंभर किलोमीटरवर हाडांच्या तज्ज्ञाकडे नेणे म्हणजे गाडीभाडे वाया घालवणे. गोचीड काढून न टाकता औषध देणे हेही तितकेच निरर्थक.

पिल्लांचे दुखणे अनेकदा ताटातून येते. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात मिळत नाही. हाडे मऊ पडून पाय वाकतात. पण त्यावर उपाय म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमच्या बाटल्या पाजणेही चूक. अति कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

रिसोडमध्येच काय होऊ शकते?

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला इथे आजही ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात आणि ते नाव चुकीचे नाही. गाय, बैल, म्हैस, शेळी यांचे लसीकरण, कृत्रिम रेतन, अडलेली वीण हे त्याचे मुख्य काम आहे. २०२२मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा याच यंत्रणेवर सगळा भार होता. कुत्र्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया तिथे होईल, ही अपेक्षाच गैर आहे. पण पहिली तपासणी तिथे होऊ शकते, आणि ती टाळून थेट मोठ्या शहराकडे धाव घेण्यात शहाणपण नाही. ताप आहे का, पाय कुठे दुखतो, उलटा ठेवलेला पंजा कुत्रे स्वतःहून सरळ करते का (करत नसेल तर दोष नसांचा असण्याची शक्यता), हाड मोडल्याची करकर जाणवते का, एवढ्यावरून तज्ज्ञाकडे आजच निघायचे की आठवडाभर विश्रांती द्यायची हे बरेचसे ठरते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी करण्याजोगे एक काम फार उपयोगी आहे. कुत्र्याचे चालणे मोबाइलवर टिपावे. एकदा बाजूने, एकदा मागून, कडक जमिनीवर, आधी चालताना आणि मग जरा पळताना. दवाखान्यात पोहोचल्यावर भीतीने कुत्रे दुखरा पायही टेकवते आणि ‘सकाळी तर लंगडत होते हो’ म्हणण्याची वेळ येते. मिनिटभराचा हा व्हिडिओ अकोल्याच्या किंवा नागपूरच्या तज्ज्ञाला पाठवता आला, तर कदाचित एक फेरीही वाचते.

जखमी कुत्रे उचलताना मात्र भावनेच्या भरात जवळ जाऊ नये. एरवी गरीब असलेले कुत्रे वेदनेने चावते. श्वास घेण्यास त्रास किंवा उलटी नसेल तर तोंडाला कापडी पट्टी सैलसर बांधावी, फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर घेऊन हलवावे. पाय ओढून ‘बसवण्याचा’ प्रयोग करू नये. चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्यावी.

‘मेडिकल’मधली गोळी का नको?

कुत्र्याच्या सांध्यांना सर्वाधिक इजा उशिराने होते. त्याच्या जिवाला सर्वाधिक धोका माणसाच्या गोळ्यांनी होतो. गुडघेदुखीसाठी घरोघरी असलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला दिल्यास जठरात व्रण पडतात, रक्ताच्या उलट्या होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामके आहेत, त्यातले मेलोक्सिकॅम माणसेही घेतात. पण मात्रेतला फरक पाहा. पहिल्या दिवसानंतर कुत्र्याची नेहमीची मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम असते. म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला दीड मिलिग्रॅम. माणसाची गोळी साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची मिळते. ‘अर्धी गोळी दिली’ म्हणणारा माणूससुद्धा अडीच ते पाचपट औषध देत असतो. त्यात कुणी आधीच स्टेरॉइडचे इंजेक्शन दिलेले असेल, तर धोका आणखी वाढतो. ही दोन औषधे एकत्र देत नाहीत, म्हणून आधी काय टोचले हे दुसऱ्या डॉक्टरला सांगणे अत्यावश्यक आहे. चिठ्ठी जपून ठेवावी.

डायक्लोफिनॅकच्या बाबतीत एक जोड माहिती. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६मध्ये बंदी आली, ती कुत्र्यांमुळे नव्हे. हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. तेव्हा गिधाडांना सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आले, ते हेच मेलोक्सिकॅम.

तज्ज्ञ कुठे आहेत?

रिसोडहून वाशीम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. पण सांध्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा तर नजर मालेगाव, पातूरमार्गे अकोल्याकडे जाते. शंभरेक किलोमीटरवरील अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते आणि तिथे शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. याच विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर आणि परभणी येथे आहेत. हिंगोलीमार्गे परभणी रिसोडकरांना नागपूरपेक्षा बरीच जवळ पडते, हे सहसा लक्षात येत नाही. मुंबईत परळला १८८६पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याहून तीन वर्षे जुने, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. विद्यापीठाच्या दवाखान्यांत शुल्क खासगीपेक्षा कमी असते. तिथे विद्यार्थी शिकत असतात, गर्दी असते, वेळ लागतो. पण एकाच छताखाली एक्स-रे, भूल आणि शल्यचिकित्सक मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.

निघण्यापूर्वी फोन करावाच. विचारायचे ते हे: कुत्र्यांची हाडांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, एक्स-रे यंत्र सुरू आहे का, आणि भूल द्यायची असेल तर किती तास उपाशी आणायचे. खुब्याचा नीट एक्स-रे काढायला कुत्र्याला पाठीवर झोपवून दोन्ही पाय सरळ ताणावे लागतात. दुखणारे कुत्रे शुद्धीत असताना हे करू देत नाही. पोट भरून नेलेल्या कुत्र्याला भूल देता येत नाही आणि शंभर किलोमीटरची फेरी फुकट जाते.

प्रवासाचे म्हणाल तर रिसोडला रेल्वे नाही. वाशीम स्थानक अकोला-पूर्णा मार्गावर आहे, पण कुत्र्याला स्लीपर, चेअर कार किंवा टू-थ्री टियरच्या डब्यात नेता येत नाही. वातानुकूलित प्रथम वर्गाची पूर्ण केबिन किंवा कुपे आरक्षित असेल तर सोबत, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीत. खुबा निखळलेल्या जनावराला त्या पेटीत घालण्यापेक्षा चार जणांनी मिळून गाडी भाड्याने केलेली बरी. घरपोच पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक राज्यात आहे. फिरत्या पथकाची रचना मुख्यत्वे पशुपालकांच्या जनावरांसाठी असल्याने कुत्र्याच्या सांध्यासाठी त्यावर विसंबून वेळ दवडू नये.

शस्त्रक्रिया कोणाला लागते?

‘सांधा बदलणे’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असला तरी गावठी कुत्र्याला त्याची गरज क्वचितच पडते. खुब्याचा गोळा मोडला किंवा कायमचा निखळला असेल, तर तो गोळा कापून काढून टाकण्याची एक जुनी शस्त्रक्रिया आहे. ऐकायला विचित्र वाटते. पण भोवतीचे स्नायू आणि तयार होणारी तंतुमय ऊती मिळून एक खोटा सांधा बनवतात आणि कुत्रे त्यावर चालते, पळतेही. त्यात धातूचा महागडा भाग बसवायचा नसतो. वीस किलोपर्यंतच्या कुत्र्यांत निकाल चांगला येतो. आणि रस्त्यावरचे आपले बहुतेक कुत्रे त्याच वजनाचे. उलट कृत्रिम खुबा मोठ्या, जड कुत्र्यांसाठी विचारात घेतात. त्याला खास साहित्य, निर्जंतुकीकरणाची चोख व्यवस्था आणि त्यातच मुरलेला शल्यचिकित्सक लागतो.

तुटलेल्या गुडघ्याच्या स्नायुबंधाचेही तसेच. हलक्या कुत्र्यांत काही आठवड्यांची सक्त विश्रांती, वजनावर ताबा आणि वेदनाशामके यांवर निभावू शकते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डसारख्यांना सहसा शस्त्रक्रिया लागते. आणि हल्ली ‘वाचवलेले कुत्रे’ म्हणजे गावठीच असे राहिलेले नाही. हौसेने आणलेले लॅब्राडॉरचे पिल्लू वर्षभरात खुब्याच्या जन्मजात ढिलेपणामुळे लंगडू लागले की त्याला गावाबाहेर सोडून देणारेही आहेत. या विकारावरच्या काही प्रतिबंधक शस्त्रक्रियांना वयाची अट असते. एक तर पिल्लू पाच महिन्यांचे होण्याआधीच करावी लागते. सोडलेले कुत्रे कुणाच्या हाती लागेपर्यंत ती वेळ टळलेली असते.

पाय पूर्ण चिरडला असेल तर तो काढून टाकण्याचा सल्ला मिळतो आणि माणसे हादरतात. कुत्रे उभे असताना शरीराचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्यांवर असते. त्यामुळे मागचा एक पाय गेलेले, सडपातळ कुत्रे आश्चर्यकारक सहजतेने वावरते. दुखरा, निरुपयोगी पाय फरफटत नेण्यापेक्षा ते बरे. इथे कापायचे की नाही हा निर्णय कुत्र्यापेक्षा माणसाला जड जातो.

शस्त्रक्रिया नकोच, अशीही खूप कुत्री आहेत. वयोमानाने सांधे झिजलेल्या कुत्र्याला सर्वांत मोठा आधार वजन घटवण्याचा. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर जन्मापासून मृत्यूपर्यंत अभ्यासले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगली आणि त्यांना सांध्यांच्या झिजेवरचे उपचारही उशिरा लागले. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या पूरक गोळ्यांच्या परिणामाचा पुरावा याच्या तुलनेत फार कच्चा आहे. गोळ्यांवर खर्च करण्याआधी ताटातली एक पोळी कमी करून पाहावी.

नंतर सांभाळणार कोण?

तज्ज्ञाकडे निघण्याआधी सर्वांत आधी हा प्रश्न सोडवायला हवा, आणि नेमका तोच मागे राहतो. गाडीभाड्याची वर्गणी एका दिवसात जमते. शस्त्रक्रियेनंतरचे सहा ते आठ आठवडे कुत्र्याला बांधून, कोरड्या जागेत, उड्या मारू न देता ठेवायला मात्र कुणी पुढे येत नाही. हाड जोडलेले किंवा स्नायुबंध दुरुस्त केलेले कुत्रे दहाव्या दिवशी चौकात सोडले, तर सगळा खर्च वाया जातो. उलट खुब्याचा गोळा काढलेल्या कुत्र्याला लवकर चालवावे लागते. दिवसातून अनेकदा, पट्टा धरून, सावकाश. नुसते बांधून ठेवले तर पाय आखडतो. म्हणजे दोन शस्त्रक्रिया आणि दोन अगदी उलट पथ्ये. ती चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्यावीत, कारण सांभाळणारा माणूस आणि अकोल्याला गेलेला माणूस अनेकदा वेगळा असतो.

जागा मोठी लागत नाही. खाट मावेल एवढा कोपरा पुरतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, म्हणून खाली पोते किंवा तरट पसरावे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची पट्टी असते. ती पाहून कीव येते म्हणून काढू नये. भूल दिलेलीच असते तर त्याच वेळी नसबंदी करता येईल का, हे शल्यचिकित्सकाला विचारावे. रेबीजची लस आणि गोचिडीचे औषधही याच मुक्कामात उरकता येते.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदीनंतर भटके कुत्रे ज्या भागातून उचलले तिथेच सोडायचे असते. पण खुब्याचा गोळा काढलेले किंवा तीन पायांचे कुत्रे पुन्हा त्याच वर्दळीच्या चौकात, त्याच उभ्या गाड्यांखाली झोपायला जाईल. रिसोडच्या आसपास शेतावर राखणीला कुत्रे हवे असलेली घरे शोधली तर सापडतात. असे घर अकोल्याला निघण्यापूर्वीच विचारून ठेवलेले असले, तर शल्यचिकित्सकालाही सांगता येते की कुत्रे पुढे डांबरी रस्त्यावर राहणार आहे की मातीत, आणि एक्स-रेच्या पुढच्या फेरीला त्याला घेऊन येणारे कोण आहे.